लहानशी होडी : जुनी इटालियन उघडी मोटार घेतांना

मोटारीच्या आयुष्यांत एक काळ असा येतो कीं, त्या काळांत तिला कोणीच विचारीत नाहीं. नवी असतांना तिचें कौतुक होतें. पन्नास वर्षें टिकली तर प्रदर्शनांतून तिच्याभोंवतीं गर्दी जमते. परंतु या दोहोंच्या मध्यें जीं वीस-पंचवीस वर्षें जातात तीं तिला फार वाईट. ती जुनी झालेली असते, पण पुराणी झालेली नसते. पहिला धनी तिला विकून मोकळा होतो, दुसरा तिच्यावर खर्च करीत नाहीं, तिसरा ती बिघडली कीं आवाराच्या कोपऱ्यांत उभी करून ठेवतो, आणि चौथा बहुधा भंगारवाला असतो. या खिंडींतून ज्या थोड्या गाड्या सहीसलामत बाहेर पडतात त्यांना हल्लीं युरोपांत वेगळा मान मिळूं लागला आहे. इंग्रज त्यांना ‘मॉडर्न क्लासिक’ म्हणतात. जर्मन लोक ‘यंगटायमर’ म्हणतात. हा दुसरा शब्द दिसावयास इंग्रजी खरा, पण तो घडविला जर्मनांनींच.

अशा गाड्यांत इटालियन उघड्या मोटारींचा वर्ग निराळाच आहे. उघडी मोटार म्हणजे जिचा टप मागें दुमडून ठेवतां येतो अशी मोटार. व्हिक्टोरियाचा किंवा टांग्याचा टप ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाहीं. दोन माणसें बसतील एवढीच जागा, चार कपडे मावतील एवढी डिकी, आणि बाकी सारें इंजिन, चाकें व वारा. व्यवहाराच्या तराजूंत ही वस्तु कोठेंच बसत नाहीं. आणि म्हणूनच ती घेणारास व्यवहाराचा विचार इतरांहून अधिक करावा लागतो. घरगुती मोटार चुकीची घेतली गेली तर मनुष्य हळहळतो. हौसेची मोटार चुकीची निघाली तर पैशाबरोबर हौसही जाते.

या वर्गांतील एक गाडी उदाहरणादाखल घेतली म्हणजे सर्व विषय उलगडतो. ती गाडी म्हणजे फियाट कंपनीची ‘बार्केट्टा’. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ लहानशी होडी. १९४८ सालीं ट्यूरिनच्या प्रदर्शनांत फेरारी कंपनीची १६६ जातीची एक शर्यतीची उघडी गाडी मांडलेली होती. तिचें अंग मिलानच्या ‘टूरिंग’ या कारागीर मंडळीनें घडविलें होतें. तिला ना छप्पर ना वरची चौकट. बाजूच्या कडा गोलसर व सलग, जणुं पाण्यावर ठेवलेली होडीच. वृत्तपत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी यांनीं त्या वेळीं तिला हें नांव दिलें असें सांगतात. पुढें तें नांव त्या घाटाच्या सर्वच गाड्यांस लागलें, आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर फियाटनें आपल्या लहान गाडीस तें मुद्दाम दिलें.

मध्यंतरीं १९६६ हें साल इटालियन उघड्या गाड्यांस फार भाग्याचें गेलें. त्या वर्षीं मार्चमध्यें जिनीव्हा येथें अल्फा रोमिओची ‘स्पायडर’ लोकांपुढें आली व नोव्हेंबरांत ट्यूरिन येथें फियाटची ‘१२४ स्पोर्ट स्पायडर’ आली. दोहोंचें अंग पिनिनफरीना यांच्या कारखान्यांतलें. अल्फाची गाडी थोडेफार रूप पालटीत १९९३ पर्यंत निघत राहिली. १९६७ च्या ‘द ग्रॅज्युएट’ या अमेरिकन चित्रपटांत डस्टिन हॉफमन जी लाल गाडी दामटीत असतो ती हीच. फियाटची गाडी १९८५ पर्यंत चालली व तिचा बहुतेक माल अमेरिकेंत खपला. ही दुसरी गाडी आपल्या लोकांस अगदींच परकी नव्हे. ती ज्या फियाट १२४ या घरगुती गाडीच्या कुळांतली, तिच्याच अंगाची ‘प्रीमियर ११८ एनई’ १९८५ पासून मुंबईच्या प्रीमियर कंपनीनें विकली. इंजिन मात्र त्या वेळीं जपानी निसानचें बसविलें होतें. ११८ मध्यें बसून लग्नाची वरात निघालेलीं माणसें आजही महाराष्ट्रांत पुष्कळ भेटतील. तिची एक चुलत बहीण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून टप उघडा टाकून धांवत होती हें त्यांच्या गांवींही नसेल.

परंतु १९६६ च्या त्या दोन्ही गाड्या आतां खऱ्या अर्थानें पुराण्या झाल्या. चांगली असेल ती महाग, आणि स्वस्त असेल तिला पत्र्यापेक्षां लांबीच अधिक, अशी त्यांची स्थिति आहे. म्हणून पगारदार मनुष्याची नजर साहजिकच पुढच्या पिढीकडे वळते. ती पिढी जन्मास येण्याचें श्रेय, गंमत अशी कीं, जपान्यांकडे जातें. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उघड्या लहान गाड्या जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. १९८९ सालीं माझ्दा कंपनीनें ‘एमएक्स-५’ ही दोन जागांची साधी गाडी काढली व ती इतकी खपली कीं, युरोपांतील कारखानदारांचे डोळे उघडले. मग १९९५ च्या सुमारास इंग्रजांची एमजीएफ, जर्मनांची बीएमडब्ल्यू झेड-३, अल्फाची नवी स्पायडर आणि फियाटची बार्केट्टा अशा चार गाड्या जणुं एकाच गाडीनें फलाटावर उतरल्या.

बार्केट्टाचा खालचा सांगाडा फियाट पुंटो या साध्या, लोकप्रिय गाडीच्या पहिल्या पिढीवरून घेतलेला. भारतांत पुढें २००९ पासून विकली गेली ती पुंटो निराळ्या पिढीची, हें लक्षांत ठेवावें. इंजिन पुढें आडवें बसविलेलें, शक्ति पुढच्याच चाकांस. इंजिनाचें आकारमान १७४७ घनसेंटिमीटर, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, शक्ति सुमारें १३० अश्वशक्ति. गाडीचें वजन हजार किलोच्या थोडें वर. त्यामुळें नऊ सेकंदांच्या आंत ती ताशीं शंभर किलोमीटरचा वेग गांठते व तिचा परम वेग २०० पर्यंत जातो. आजच्या हिशेबानें हे आंकडे डोळे दिपविणारे नाहींत. परंतु जमिनीपासून इतक्या खालीं बसून, डोक्यावर कांहीं नसतांना, ताशीं सत्तराचा वेगही बंद गाडींतल्या शंभरापेक्षां जास्त भासतो, आणि दंडाची भीति निम्मी.

तिचें रूप मात्र कोणासही आवडावें असें आहे. दाराच्या कड्या पत्र्यांत पूर्ण बुडालेल्या. बटण दाबलें कीं चकचकीत मूठ बाहेर येते. आंतल्या बाजूस दाराचा रंगीत पत्रा मुद्दाम उघडा ठेवलेला, जुन्या शर्यतीच्या गाड्यांची आठवण म्हणून. टप दुमडला कीं तो एका पक्क्या झांकणाखालीं अदृश्य होतो; पाठीवर बोचकें दिसत नाहीं. त्याहून महाग अशा कित्येक गाड्यांस ही साधी गोष्ट साधलेली नाहीं.

आतां जी माहिती ग्राहकाच्या कामाची ती येथून सुरू होते. ही गाडी फियाटच्या मुख्य कारखान्यांत बांधली जात नव्हती. ट्यूरिनजवळ किव्हास्सो या गांवीं पूर्वीं लान्चिया कंपनीचा कारखाना होता. तो पुढें माज्जोरा नांवाच्या जुन्या कोचबिल्डर मंडळीनें चालवावयास घेतला, आणि बार्केट्टाची जोडणी तेथें होऊं लागली. फियाटनें काम द्यावें आणि माज्जोरानें तें करावें, असें हें नातें. काम आटलें तसा लहान भागीदार बुडाला. २००२ सालीं माज्जोराचें दिवाळें वाजलें व गाडीचें उत्पादन थांबलें. कांहीं काळानें फियाटनें तिचा मुखवटा थोडा बदलून मिराफिओरीच्या आपल्या कारखान्यांत ती पुन्हां काढली खरी, परंतु २००५ मध्यें तिचा कायमचा शेवट झाला. दहा वर्षांत सुमारें सत्तावन्न हजार गाड्या निघाल्या. पिढ्यान्‌पिढ्या पत्रा वळविणाऱ्या कारागिरांचा तो कारखाना एका गाडीवर कसा लटकत होता, ही गोष्ट औद्योगिक इतिहास शिकणारांनींही पाहण्यासारखी आहे.

ग्राहकाच्या दृष्टीनें या इतिहासाचा अर्थ असा. इंजिन, ब्रेक, क्लच, चाकांचे बेअरिंग वगैरे पुष्कळसे भाग फियाटच्या इतर लाखों गाड्यांशीं जुळते आहेत. ते अजून मिळतात व महागही नाहींत. परंतु जें जें फक्त याच गाडीचें, म्हणजे बाहेरचा पत्रा, पुढचे-मागचे दिवे, टपाच्या झांकणाच्या बिजागऱ्या, दाराच्या त्या सुंदर मुठी, तें तें घडविणारें घरच बुडालें. तेव्हां इंजिन थकलेलें पण अंग शाबूत अशी गाडी घ्यावी. इंजिन ठणठणीत पण अंग ठोकलेलें अशी कधींही घेऊं नये. घरगुती गाडी घेतांना लोक बरोबर उलट वागतात, आणि तीच संवय येथें आणल्यामुळें फसतात.

आणखी एक गोष्ट. ही गाडी केवळ डाव्या हाताच्या स्टिअरिंगची निघाली. इंग्लंडांत विकली तीही तशीच. तीन वर्षांहून जुन्या मोटारी भारतांत आणण्यास आयातीचे नियम आड येतात, त्यांत हें डावें स्टिअरिंग. म्हणून ही हौस पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर भागावयाची नाहीं. परंतु नोकरीनिमित्त जर्मनीस, हॉलंडास किंवा खुद्द इटलीस राहणाऱ्या मराठी मंडळींस ती सहज आवांक्यांतली आहे. थोडक्या हजार युरोंत तेथें अशा गाड्या विकावयास असतात.

समजा, पुण्याचा एक तरुण इंजिनियर स्टुटगार्टला नोकरीस आहे. त्यानें जाहिरातींतून दोन बार्केट्टा हेरल्या आहेत. एक तांबडीभडक, गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे, आरशासारखी पुसून ठेवलेली. दुसरी काळपट निळी, १९९८ सालची, एका निवृत्त गृहस्थाच्या गॅरेजांत. तिचा रंग जागोजाग उतरलेला, आणि किंमत मात्र पहिलीहून किंचित्‌ अधिकच. तरुण रविवारीं घरीं फोन करतो. वडिलांनीं पद्मिनी पंचवीस वर्षें चालविली आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीं नसणें हें त्यांना अजून अवघड वाटतें.

“बाबा, टप कापडाचा आहे.”

“अरे, मग पावसाळ्यांत काय करणार तूं?”

“येथें वेगळा पावसाळा नाहींच. बारा महिने थोडा थोडा पडतो.”

“मग तर झालेंच! पण घ्यायचीच असेल तर इंजिन गार असतांना जा. आणि चटईखालीं हात घालून पाहा.”

सांगणारानें बार्केट्टा जन्मांत पाहिली नव्हती, तरी दोन्ही गोष्टी नेमक्या सांगितल्या.

चटईपासूनच आरंभ करावा. उघड्या गाडीचा पहिला शत्रु पाणी. टपावर पडलेलें पाणी त्याच्या मागच्या खोबणींत जमतें व तेथून नळ्यांनीं खालीं निघून जावें अशी योजना असते. झाडाखालीं उभ्या केलेल्या गाडींत पानें कुजून त्या नळ्या बुजतात. मग पाणी आंत उतरतें, चटईखालचा जाड थर तें स्पंजासारखें धरून ठेवतो, आणि वरून सर्व कोरडें दिसत असतांना खालचा पत्रा महिनोन्‌महिने भिजत राहतो. म्हणून चटई दाबून पाहावी, हात हुंगावा. कुबट वास आला तर विकणाराच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची आवश्यकता संपली.

टपाची मागची खिडकी कांचेची नसून लवचिक प्लॅस्टिकची आहे. ती उन्हानें पिवळी पडते, घड्यांच्या जागीं धुरकट होते, आणि थंडींत कडक झालेली असतां टप दुमडला तर तडकते. विकणारानें डिसेंबरच्या सकाळीं ऐटींत टप खालीं करून दाखविला, तर त्यानें तो पूर्वीं कितीदां तसा केला असेल हा विचार मनांत यावा. टप बदलतां येतो. तो खर्च आधीं विचारून घेऊन किंमतींतून वजा करावा म्हणजे झालें. टपाविषयीं याहून अधिक बोलण्यासारखें नाहीं.

गंजाविषयीं मात्र आहे. बंद मोटारीचें छप्पर हें केवळ पावसासाठीं नसतें. खोक्याचें झांकण जसें खोक्यास ताठ ठेवतें तसें तें सबंध अंगास ताठ ठेवतें. झांकण काढलें कीं खोकें मुरडूं लागतें. उघड्या गाडींत हें काम दाराखालच्या दोन पोकळ तुळ्यांवर येतें; दाराचा उंबरठाच तो. म्हणून बंद गाडींत उंबरठा गंजला तर ती कुरूप होते, उघड्या गाडींत तो गंजला तर तिचा कणाच गेला. युरोपांत हिंवाळ्यांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तें खारें पाणी चाकांनीं उडून या तुळ्यांच्या सांध्यांत शिरतें. कोंकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यानें पत्र्याचें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगणें नको.

पाहण्याची रीत सोपी आहे. जॅक लावण्याच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानींचा आंतला कांठ, आणि उंबरठ्याचीं दोन्हीं टोंकें बोटाच्या पेरानें ठोकावीं. चांगला पत्रा खणखणतो. जेथें लांबी भरून वर रंग दिला आहे तेथें आवाज बद्द येतो. एक लहान लोहचुंबक रुमालांत गुंडाळून फिरवावा. जेथें तो पत्र्यास धरीत नाहीं तेथें पत्रा नाहीं. यानंतर एका बाजूचें पुढचें चाक पदपथाच्या कडेवर चढवून त्याच स्थितींत दोन्हीं दारें उघडून लावून पाहावीं. दार घासूं लागलें, किंवा कुलपाची जीभ जागेवर बसेना, तर अंग मुरडत आहे असें समजावें.

तांबड्या गाडीचें दार पदपथावर चढल्यावर लागेना. व्यापारी म्हणाला, बिजागरी तेलावयाची राहिली. असेलही. पण चुंबक उंबरठ्याच्या मागच्या टोंकाशीं दोन ठिकाणीं निसटला होता.

आतां इंजिन. गाडी पाहावयास जातांना पहिलें काम हें कीं, बॉनेटवर तळहात ठेवावा. तें कोमट लागलें तर विकणारानें इंजिन आधींच चालवून ठेवलें आहे, आणि त्याचें कारण बहुधा चांगलें नसतें. या इंजिनास, आंत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह ज्या दांड्यानें उघडतात त्याच्या टोंकाशीं, एक तेलाच्या दाबानें फिरणारें लहान यंत्र बसविलेलें आहे. इटालियन मिस्त्री त्यास व्हॅरिएटर म्हणतात. इंजिनाच्या वेगाप्रमाणें व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ तें पुढेंमागें करतें, म्हणून कमी वेगांतही इंजिन जोमानें ओढतें. या युक्तीचा मानही इटलीचाच: विकावयाच्या मोटारींत ती प्रथम आली ती अल्फा रोमिओच्या स्पायडरमध्यें, १९८० सालीं. बार्केट्टांतील हें यंत्र झिजलें कीं गार इंजिन सुरू होतांक्षणींच डिझेलच्या टेम्पोसारखा खडखडाट करतें, आणि तेल चढून इंजिन तापलें कीं आवाज विरतो. तेंच लपविण्यासाठीं इंजिन आधीं तापवून ठेवतात. खडखडाटानें इंजिन लागलींच मरत नाहीं; परंतु तो पुढच्या मोठ्या कामाची नोटीस असतो.

तें मोठें काम म्हणजे टायमिंग बेल्ट. सर्व विषयाचें मर्म या एका दांतेरी रबरी पट्ट्यांत आहे, म्हणून तें नीट समजून घेतलें पाहिजे. इंजिनाच्या तळाशीं पिस्टनांनीं फिरविलेला मुख्य दांडा. माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे. खालच्यानें दोन फेरे घेतले कीं वरच्यांनीं बरोबर एक घ्यावा, असा नेम. हा नेम संभाळणारी वस्तु म्हणजे हा पट्टा. व्हॉल्व्ह उघडतो तो सिलिंडरांत खालीं उतरून. पिस्टन येतो तो खालून वर. एकानें जागा सोडल्यावर दुसरा तेथें येतो, आणि हें एका मिनिटांत हजारों वेळां घडतें. पट्टा तुटला तर वरचे दांडे जेथल्या तेथें थबकतात, कांहीं व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि पिस्टन मात्र चाकांच्या वेगानें वर येतच असतात. पुढचें सांगावयास नको. एका क्षणांत व्हॉल्व्ह वांकतात, कधीं पिस्टनही फुटतात, आणि दुरुस्तीचा आंकडा गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागतो. यापूर्वीं पट्टा कोणतीही सूचना देत नाहीं. व्हॅरिएटर निदान खडखडतो तरी. पट्टा शेवटच्या दिवसापर्यंत गोड चालतो.

रबर धांवल्यानें झिजतें तसें नुसतें बसूनही झिजतें. ही गोष्ट विकणारांस सोयीस्करपणें आठवत नाहीं. “फारशी चाललेली नाहीं, फक्त उन्हाळ्यांत रविवारीं काढीत होतों,” हें वाक्य उघड्या गाड्यांच्या बाजारांत सर्वांत अधिक ऐकूं येतें, आणि ग्राहक तें स्तुति म्हणून ऐकतो. वास्तविक दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा मूळ पट्टा हा चार वर्षांत साठ हजार चाललेल्या पट्ट्यापेक्षां अधिक भीतिदायक होय. जाणते कारागीर साठ हजार किलोमीटर किंवा सुमारें पांच वर्षें, यांपैकीं जें आधीं येईल तें धरतात. पट्टा बदलतांना वरचे दांडे जागच्या जागीं जखडून ठेवणारीं खास हत्यारें लागतात. खडूनें खूण करून अंदाजें बसविणाऱ्या मिस्त्र्याच्या हातीं हें काम देऊं नये. त्याच वेळीं ताण देणारी पुली, पाण्याचा पंप आणि खडखडणारा व्हॅरिएटरही बदलून घ्यावा. उघडण्याची मजुरी एकच, मग तीनदां कां द्यावी?

पट्टा बदलला आहे, हें विकणाराच्या तोंडी शब्दावर मान्य करूं नये. पावती पाहिजे; तीवर तारीख, किलोमीटर आणि गॅरेजचा शिक्का पाहिजे. जर्मनींत खासगी मोटारीची सरकारमान्य तपासणी दर दोन वर्षांनीं होते व तिच्या कागदावर किलोमीटरचा आंकडा असतो. ते जुने कागद ओळीनें लावले कीं मीटर मागें फिरविला आहे कीं काय तें पांच मिनिटांत उघडकीस येतें. निळ्या गाडीच्या म्हाताऱ्या धन्याजवळ अशा कागदांची एक फुगलेली फाईल होती. त्यानें ती बॉनेटवर ठेवली व स्वतः बागेंत निघून गेला. कागदांवरून इतकें दिसलें कीं, गाडी दर वर्षीं एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर असे. त्या देशांत ठराविक महिन्यांपुरत्या नंबरपाट्या मिळतात, त्याच तिला होत्या. म्हणजे मिठाचे हिंवाळे तिनें पाहिलेच नव्हते. रंग उतरला होता तो उन्हानें. पट्टा मात्र शेवटचा बदलल्यास आठ वर्षें झालेलीं. गार इंजिन सुरू झालें तेव्हां दोन सेकंद खडखडाट झाला व थांबला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पुढच्या ओतीव नळकांड्यास कधीं कधीं तडा जातो. गार असतांना फुसफुस येते, तापल्यावर बंद होते. तें येथें नव्हतें.

एवढ्यांत नंबरपाटीचा आणखी एक मुद्दा निघाला. जर्मनींत तीस वर्षें पुरीं झालेल्या, मूळ स्वरूपांत व चांगल्या स्थितींत असलेल्या गाडीस तज्ज्ञाच्या दाखल्यावर ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते. पहिल्या बार्केट्टांस ती वयोमर्यादा २०२५ मध्यें लागली. १९९८ च्या गाडीस ती २०२८ मध्यें लागेल. पुष्कळांचा समज असा कीं, एच मिळालें म्हणजे कर वांचला. मोठ्या इंजिनाच्या व जुन्या धुराच्या गाड्यांस तें खरें. कारण एच गाड्यांस वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. परंतु बार्केट्टाचें इंजिन लहान; ‘युरो-२’ वर्गांत नोंदलेल्या गाडीस साधा करच याहून कमी पडतो. मग ती पाटी हवी कशाला? मानासाठीं, आणि कांहीं अंशीं मोलासाठीं. इटलींत वीस वर्षांनंतरच ऐतिहासिक दाखल्यावर करांत सूट मिळते, इंग्लंडांत चाळीस वर्षें थांबावें लागतें. केवळ भाव चढेल या आशेनें अशी गाडी विकत घेणें हें मात्र बरें नव्हे. पट्टे, टायर, विमा, गॅरेजचें भाडें हे सर्व मांडले तर चढलेला भाव बहुधा तेथेंच जिरतो. शिवाय भाव जपण्यासाठीं जी गाडी चालवावयाचीच नाहीं, ती उघडी असली काय आणि बंद असली काय.

तरुणानें निळी गाडी पसंत केली. पट्टा, पुली, पंप, व्हॅरिएटर आणि मजुरी यांचा आंकडा त्यानें आधींच एका इटालियन मिस्त्र्याकडून लिहून आणलेला होता. तो त्यानें म्हाताऱ्यापुढें ठेवला. म्हाताऱ्यानें चष्मा लावून तो वाचला, आंकड्यांतला निम्मा कमी करण्यास राजी झाला, आणि वर टपाच्या झांकणाची एक जुनी बिजागरी, जी आतां बाजारांत शोधून सांपडत नाहीं, ती जुन्या कापडांत गुंडाळून दिली. रस्त्यावर गाडी भरधांव काढण्याचा मोह तरुणानें आवरला. सहा किलोमीटरवर गॅरेज होतें; तेथवर तो टप बंद ठेवून सावकाश गेला, आणि किल्ली मिस्त्र्याच्या हातांत दिली.

तिसऱ्या दिवशीं मिस्त्र्यानें काढलेला पट्टा टाकून न देतां त्याच्यासाठीं ठेवला होता. वरून तो काळाभोर, नवा दिसत होता. मिस्त्र्यानें तो दोन्ही हातांनीं उलटा वांकवून धरला, तेव्हां प्रत्येक दात्याच्या मुळाशीं केसाएवढी बारीक चीर उघडली.